प्रवाळ चुन्याने मेले नाही

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने ती गोष्ट आमच्याच बैठकीत, आमच्याच चिवड्याची बशी हातात धरून, पुन्हा एकदा सांगितली. तो ती चांगली सांगतो, हे मी नाकारत नाही. काकांचा समुद्र, म्हणजे माझा खाऱ्या पाण्याचा हौद, केवढा, हे तो आधी दोन्ही हात पसरून दाखवतो. मग काका काचेला नाक लावून बुडबुडे कसे मोजतात, याची नक्कल करतो. शेवटी काकू पानाचा डबा उघडतात, चुन्याची डबी पाण्यात पालथी करतात, समुद्राचे ताक होते आणि काकांचे प्रवाळ जागच्या जागी मरते. "काकूंनी काकांना असा चुना लावला," असे म्हणून तो थांबतो. कुठे थांबावे हे त्याला कळते, आणि लोक हसतात.

त्या दिवशीही हसले. माझी पत्नी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तीही हसली, मात्र सर्वांच्या मागून, जरा उशिरा, इतरांचे चेहरे पाहून. मग ते हसू तसेच तोंडावर ठेवून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "अवो, माज्यामुळंच मेलं न्हवं ते?"

हा प्रश्न ती मला आता रोज विचारते. तिची स्मृती विरळ होत चालली आहे. डॉक्टरांनी त्या आजाराचे नाव सांगितले, ते मला येथे लिहायचे नाही. तिला सख्खी बहीण वारल्याचे आठवत नाही. धाकट्या नातवाचे नाव ती दरवेळी नव्याने विचारून घेते. पण ही गोष्ट तिला आठवते, कारण ही प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला, आल्यागेल्यासमोर सांगितली जाते. खरे सांगणारा मी एकटा आणि खोटे सांगणारे सारे गोत. तिच्या डोक्यातली जागा दिवसेंदिवस कमी होत आहे आणि उरलेल्या जागेत ही खोटी गोष्ट पाय पसरून बसली आहे. आपण नवऱ्याची आवडती वस्तू मारली, या समजुतीने ती एक दिवस डोळे मिटेल. ते मला मान्य नाही. म्हणून निकाल प्रथम सांगतो आणि पुरावा नंतर. प्रवाळ चुन्याने मेले नाही. ते पुरते मेलेच नाही. आणि जे वाचले, ते तिच्यामुळे वाचले.

माझी उमेदीची सारी वर्षे सोलापुरातल्या एका रंगखात्यात गेली. चादरी आणि टॉवेल रंगवायचे तर पाणी मऊ लागते. आमच्या बोअरचे पाणी इतके जड, की त्यात साबणाचा फेस होत नसे आणि रंगवलेल्या मालावर ढगांसारखे डाग पडत. त्या पाण्यातला चुना काढून टाकणे हे माझे काम. बाटलीत पाणी घ्यायचे, साबणाचे द्रावण टाकायचे, बाटली हलवायची आणि फेस टिकतो की विरतो ते पाहायचे. पुढे नवी यंत्रे आली, तरी मी ती बाटली हलवल्याशिवाय पाणी पुढे सोडले नाही. माझ्या पाण्यावर रंगलेला माल डागामुळे परत आला नाही. कोणाला शंका असेल त्याने माझ्याबरोबर काम केलेल्यांना विचारावे. त्यांतले काही अजून हयात आहेत आणि त्यांचे माझ्याशी फारसे पटतही नव्हते.

निवृत्तीनंतर एकदा मुलाकडे पुण्याला गेलो असता त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थाकडे खाऱ्या पाण्याचा हौद पाहिला. काचेचा हौद, आत निळा उजेड आणि त्या उजेडात जिवंत प्रवाळ. मी चार प्रश्न विचारले. तो गृहस्थ हसून म्हणाला, "काका, सोलापूरच्या पाण्यावर आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हे जमायचं नाही. त्या वाटेला जाऊ नका." दुसरा कोणी असता तर गेला नसता. मी परत आलो आणि बैठकीची मोठी भिंत रिकामी केली.

पत्नी म्हणाली, "जलमभर पान्यातला चुना काढला तुमी. आता ह्या म्हातारपनी परत घालताय व्हय?"

विनोद म्हणून तो चांगला होता, आणि वस्तुस्थिती म्हणून अचूक. प्रवाळ म्हणजे एक बारीक जीव. तो पाण्यातला चुना उचलून स्वतःचे हाड बांधतो आणि त्या हाडावर कातडीसारखा पसरून राहतो. हौदातला चुना संपला की वाढ थांबते. फार काळ संपलेला राहिला की कातडी सुटते. म्हणून चुना परत घालावा लागतो, तोही थोडा थोडा, अखंड. त्यासाठी जे यंत्र असते त्याला कॅल्शियम रिअ‍ॅक्टर म्हणतात. नावाने घाबरू नये. हातभर उंचीची एक बंद पारदर्शक नळी, तिच्यात मेलेल्या प्रवाळाचे तुकडे भरलेले. हौदातले पाणी त्या नळीतून फिरते आणि सोडावॉटरमध्ये असतो तोच वायू सिलिंडरमधून तीत बुडबुड्याबुडबुड्याने सोडला जातो. वायूने पाणी आंबते, आंबट पाण्यात जुनी हाडे विरघळतात आणि ते पाणी थेंबाथेंबाने हौदात पडते. मेलेल्यांच्या हाडांवर जिवंतांची हाडे वाढतात. घुंड्या दोनच: एक बुडबुड्यांची, एक थेंबांची. या दोहोंचा मेळ बसवणे यालाच रिअ‍ॅक्टर लावणे म्हणतात. वायू अधिक झाला तर सारा हौद आंबतो. कमी झाला तर प्रवाळ उपाशी राहते. माझा मेळ बसला होता. सोलापूरच्या पाण्यावर, सोलापूरच्या उन्हाळ्यात, सलग काही वर्षे बसला होता.

हौदाच्या मध्यावर एक फांद्यांचे प्रवाळ होते. बोटाएवढ्या तुकड्यापासून मी ते वाढवले होते. पत्नीचे माहेर करकंबचे. तिकडे शेताच्या बांधाला शेर लावतात. पाने जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या गोल काड्या. ती या प्रवाळाला शेर म्हणे. "तुमच्या शेराला आज दोन कोंब आल्यात," असे ती सकाळी चहा देताना सांगे. हौदाशी तिचा काही संबंध नाही, असे ती इतरांना सांगत असे. पण नवे कोंब नेहमी तिलाच आधी दिसत.

आता तो उन्हाळा.

ऊन त्या वर्षी मेच्या आधीच माथ्यावर आले. सोलापुरात उन्हाळ्यात घर कसे बंद करतात, हे बाहेरच्याला सांगावे लागते. सकाळची कामे आटोपली की दारे, खिडक्या, झरोके सारे लावून घ्यायचे. खिडकीवर ओली चादर टाकायची. संध्याकाळी वारा फिरेपर्यंत फट म्हणून ठेवायची नाही. भर दुपारी ज्याची खिडकी उघडी, त्या घरात एक तर कोणी गेले आहे किंवा कोणी वेडे आहे. हौदासाठी मी बैठकीत एसी बसवला होता, म्हणून आमची बैठक इतरांपेक्षा अधिक बंद. दाराखालच्या फटीतही जुन्या चादरीची गुंडाळी कोंबलेली असे. त्यातच लग्नसराई. मोहोळहून पुतण्याचे बिऱ्हाड आमच्याकडे उतरले: तो, त्याची बायको, सासू, मोठा मुलगा आणि दात येऊ लागलेली तान्ही मुलगी. गावात एकापाठोपाठ लग्ने होती. सकाळी मांडवात जायचे आणि दुपारी जेवून आमच्या थंड बैठकीत सतरंज्या टाकून पडायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्याच आठवड्यात शेराची कातडी बुंध्याकडून सुटू लागली.

ज्याने हे पाहिले नाही, त्याला त्याची भीती सांगून कळणार नाही. सकाळी बुंध्याला नखाएवढा पांढरा डाग होता. दुपारी तो रुपयाएवढा झाला. कातडी ओल्या कागदासारखी सुटून प्रवाहात हलत होती आणि खालचे हाड उघडे पडत होते. मी पाणी तपासले. ते आंबट दिसते म्हणून आधीचे काही दिवस मी बुडबुडे कमी ठेवले होते, आणि आता चुना पार उतरलेला. साहजिकच मी बुडबुडे वाढवले. चुना लगेच चढेना, पाणी मात्र आणखी आंबले. बुडबुडे कमी केले. आंबटपणा जेमतेम सरकला आणि चुना आणखी घसरला. थेंब वाढवले, थेंब घटवले. ज्या दोन घुंड्या माझ्या बोटांना घरच्या कडीसारख्या पाठ होत्या, त्यांनी माझे ऐकणे सोडले होते. मी हौदासमोर स्टुलावर बसून राहिलो. जेवण स्टुलावर, चहा स्टुलावर. पाठीमागे सतरंजीवर माणसे घोरत होती आणि समोर जे मी बोटाएवढे असल्यापासून वाढवले, ते सोलले जात होते.

ज्याच्याकडून सामान घेत असे त्या पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काका, रिअ‍ॅक्टर आता कोण वापरतं? काढून टाका. तयार बाटल्या येतात, त्या लावा, मोबाइलवर आकडे बघत बसा आरामात."

"मला आराम नको आहे. मला कारण हवे आहे," मी म्हणालो.

"कारण शोधेपर्यंत ते जाईल ना हो, काका."

मी फोन ठेवला. मग मुलाला लावला. मुलगा म्हणाला, "बाबा, सोपं आहे. गॅस बंद करा."

"आणि ते खाईल काय?"

"बाबा, एक झाड आहे ते. तुम्ही आधी स्वतः जेवलात का?"

मुलाचे म्हणणे आजही तेच आहे: बाबांचा गॅस जास्त झाला, पाणी आंबले, प्रवाळ मेले, आईने चुना घातला काय नि न घातला काय, फरक पडला नसता. त्याची बाजू तिला निर्दोष ठरवते, म्हणजे ती मला सोयीची आहे. तरीही ती खोटी आहे, आणि खोट्या साक्षीवर मला खटला जिंकायचा नाही. गॅस मी त्या दिवसांत कमीच केला होता. शिवाय त्याच्या सांगण्यात तिचा दोष जातो, तसे तिचे श्रेयही जाते. ते मी जाऊ देणार नाही.

आता बरणी. पुतण्याच्या मुलीला दात येत होते, म्हणून पत्नीने चुन्याची निवळी केली होती. आमच्याकडे पूर्वीपासून करतात. काचेच्या बरणीत चुना विरघळवायचा आणि बरणी एका जागी ठेवायची. चुना तळाला बसतो. वर स्वच्छ पाणी राहते. त्याच्यावर हवेने सायीसारखी पातळ पापडी धरते. ती पळीने बाजूला सारायची आणि मधले निवळ पाणी अलगद उचलायचे. ते ती दुधात थेंब थेंब घालून मुलीला देत असे. थंड जागा म्हणून बरणी बैठकीतल्या फडताळात आणून ठेवली होती. येथे वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या बरणीने म्हणे माझा समुद्र मारला, त्या बरणीतले पाणी पुतण्याची स्वतःची लेक पीत होती. ती आज शाळेत धावण्यात पहिली येते.

त्या दुपारी पत्नी पळी घेऊन आली, बरणीचे झाकण उघडले आणि पुटपुटली, "अगं बाई."

मी बुडबुडे मोजत होतो. मागे पाहिले नाही.

"अवो, ह्या खोलीत हाय तरी काय? सकाळीच साय काढली होती मी. पुन्हा धरली बगा. सैपाकघरात अशी धरत न्हाय."

"धरू दे. मला मोजू दे."

"मोजा की. मी काय तुमच्या बुडबुड्यावर बसली न्हाय."

ती गेली. माझी मोजणी मात्र तिथेच तुटली. निवळीवर साय धरते ती कशाने? शाळेत आम्ही सर्वांनी केलेला प्रयोग: चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती पांढरी होते. उच्छ्वासातल्या वायूने. तोच वायू. सोडावॉटरचा, माझ्या सिलिंडरचा, पाठीमागे घोरणाऱ्या माणसांचा. रिअ‍ॅक्टरमधून येणारा जास्तीचा वायू एरवी हौदाच्या पृष्ठभागावरून हवेत निघून जातो. पण हवाच त्या वायूने भरलेली असेल, तर तो जाणार कोठे? फट म्हणून न ठेवलेल्या खोलीत इतकी माणसे श्वास सोडत होती. पाणी माझ्या घुंडीने आंबत नव्हते. खोलीने आंबत होते. आणि मी मात्र आंबटपणाला भिऊन बुडबुडे कमी करत होतो आणि शेराला उपाशी ठेवत होतो.

तर्क म्हणजे पुरावा नव्हे. मी हौदातले पाणी पेल्यात घेतले आणि गच्चीवर गेलो. चपला घालण्याचे भान नव्हते. तापलेल्या गच्चीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत मी ते पाणी चमच्याने घुसळले आणि आंबटपणाचा मापक बुडवला. आकडा चढला, म्हणजे आंबटपणा उतरला. माझ्या डोळ्यांदेखत चढला. पाणी तेच, हवा तेवढी वेगळी. शोध माझा, हे मी ठासून सांगतो. पण बरणी तिची होती, आणि साय लवकर धरली हे पाहणारे डोळेही तिचेच.

खाली येऊन मी बैठकीच्या सर्व खिडक्या उघडल्या. ओल्या चादरी ओढून काढल्या. पंखा हौदाच्या पाण्यावर रोखला आणि फ्रिजमधल्या बर्फाच्या बाटल्या हौदात तरंगत सोडल्या, कारण आता उष्णतेशीही लढायचे होते. सतरंजीवरची मंडळी धडपडून उठली.

"काका, बाहेर भट्टी आहे भट्टी!" पुतण्या ओरडला. "झाडापायी माणसं भाजता का?"

त्याच्या सासूबाईंनी पदराने वारा घेत भिंतीला उद्देशून म्हटले, "लग्नाला आलो की होरपळायला, तेच कळंना."

माझ्या तोंडून काय गेले असते ते बरे नव्हते. पत्नीच मध्ये बोलली. "मानसं अंगनात लिंबाखाली बसत्याल की. शेराला उठून कुटं जाता येतंय?"

ते सारे अंगणात गेले. पुतण्याच्या गोष्टीतली खोडी त्या दुपारची आहे, हे माझे मत आहे. थंड खोलीतून उठवल्याचा राग त्याने हशात मुरवला.

खोली रिकामी झाली. आम्ही दोघेच उरलो. शेराचा बुंधा अर्ध्यापर्यंत उघडा पडला होता. हवा बदलायला वेळ लागणार होता आणि कातडी तेवढा वेळ देईल असे दिसत नव्हते. घुंडीला बोट लावायचेही धैर्य उरले नव्हते. ती शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "निवळी द्या की त्याला. लेकराला दात येत्यात, त्याला फांद्या येत्यात. हाडंच न्हवं दोन्ही?"

"अगं, समुद्र आहे तो. पाळणा नव्हे."

"मग बसा बगत."

चुन्याच्या पाण्यात चुनाही असतो, आणि ते तो वायू शोषूनही घेते. शेराला जे हवे ते देणार आणि जे नको ते खाणार. हे रसायन मला ठाऊक होते. हताश माणसाला ठाऊक असलेलेही सुचत नाही, एवढेच. धोका एकच: एकदम ओतले तर अनर्थ, थेंबाने दिले तर औषध. तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सलाईनची एक कोरी नळी घरात उरली होती. मी ती काढली. तिने साय सारली, पळीने मधले निवळ पाणी बाटलीत भरले, तळाचा पांढरा गाळ जागचा हलू दिला नाही. बाटली खिळ्याला टांगली. नळीचे चाक तिने हाती घेतले, कारण मापक माझ्या हातात होता. ती थेंब सोडी, मी आकडा वाची. "कमी." "केलं." "थोडं वाढव." "वाढवलं. वरडू नका." अशी ती दुपार गेली. दिवे लागण्याच्या सुमारास आकडा प्रथमच थांबला, आणि बुंध्यावरची सोललेली कडाही जिथे होती तिथे थांबली.

मग वीज गेली. ती थोड्याच वेळात आली. पण पंप बंद असताना हौदाखाली पंपाची जी टाकी असते तिच्यातली पातळी बदलली होती, म्हणून पंपाने पाण्याबरोबर हवा ओढली. बारीक बुडबुड्यांचा लोट हौदात आला. खाऱ्या पाण्यातले बुडबुडे साखरेच्या कणांएवढे असतात. सारा हौद दुधासारखा पांढरा झाला. हौद राखणाऱ्याला हे नवे नाही. पाच-दहा मिनिटांत निवळते. नेमके त्या मिनिटांत पुतण्या पाणी प्यायला आत आला. समोर पांढरा हौद, शेजारी स्टुलावर काकू, मांडीवर चुन्याची बरणी, हातात पळी.

"काकू! काय ओतलं तुम्ही यात?"

सारा दिवस ताणलेली ती बाई. ताण सुटला की माणसाला चेष्टा सुचते. तिने पळी उंच धरून सांगितले, "चुना! काकानला पान खायचंय समुद्रात."

मीही हसलो. होय, त्या वेळी मीही हसलो. ती थट्टा तिने केली, मी ऐकली आणि पुतण्या ती घेऊन मोहोळला गेला. हौद निवळला, तेव्हा पाहायला तो तेथे नव्हता.

शेराचा खालचा अर्धा भाग गेला. तो बरणीचे झाकण उघडण्याआधीच गेलेला होता. वरच्या फांद्या राहिल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांना कोंब आले आणि ते तिनेच मला आधी दाखवले. त्यानंतर आमच्या बैठकीची एक खिडकी उन्हाळ्यात उघडी असते. लोक वेडे म्हणतात. म्हणू देत.

ती धडधाकट होती तोवर पुतण्याची गोष्ट ऐकून स्वतःच त्यात मीठमसाला घालत असे. मी रागावलो की म्हणे, "हसू द्या की. आपल्याला ठावं हाय न्हवं?" तिला ठाऊक होते, मला ठाऊक होते, तेवढे पुरेसे वाटले. आता तिला ठाऊक नाही.

पुरावा मी दाखवला नाही असे नाही. तिचा हात धरून मी तिला हौदासमोर उभे केले. म्हणालो, "हा बघ तुझा शेर. जिवंत आहे." तिने बराच वेळ पाहिले. मग माझ्या दंडावर हळूच थोपटून म्हणाली, "नवं आनलंय तुमी. मला बरं वाटावं म्हनून."

सबंध संसारात कोणाला बरे वाटावे म्हणून मी काही आणल्याची तक्रार माझ्याविरुद्ध आजवर कोणी केलेली नाही. मी म्हणालो, "नवे नाही. बुंधा बघ, पांढरा आहे. तो जुना भाग."

तिने वाकून पाहिले. "व्हय की. म्हंजे मेलाच की त्यो."

माझा सर्वांत भक्कम पुरावा असा माझ्यावरच उलटला.

पुतण्याला मी बोलावून घेतले आणि स्पष्ट सांगितले. तो ओशाळला. मनाने वाईट नाही तो. "काका, मला वाटलं गंमत आहे. काकूच हसायच्या की हो." पुढच्या खेपेला त्याने काकूंसमोर बसून खरी गोष्ट सांगितली: बंद खोली, साय, गच्ची, सलाईनची नळी, पंपाची हवा. प्रामाणिकपणे, क्रमाने, एकही नक्कल न करता. कोणी हसले नाही. ती परक्या गावचे वर्तमान ऐकावे तशी ऐकत राहिली आणि शेवटी तिने आदराने विचारले, "मग पुढं काय झालं त्या बाईचं?"

त्या दिवशी मला माझा शत्रू कळला. शत्रू पुतण्या नव्हता. खोटी गोष्ट चांगली सांगितली गेली होती. खरी गोष्ट मी जन्मभर फणकाऱ्याने सांगत आलो होतो. तिला कारणे लक्षात राहत नाहीत. हात पसरलेले, नाक चेपलेले, सांगणारा कुठे थांबला, हे राहते.

काल दुपारी मी फडताळातून बरणी काढली. ती अजून मीच भरून ठेवतो. पळी तिच्या हातात दिली. मला वाटले, विचारील हे काय. तिने सरळ झाकण उघडले, साय एका कडेला सारली, पळी मधोमध अलगद बुडवली. मी बरणी धरायला हात पुढे केला, तशी ती माझ्यावर खेकसली, "हलवू नका! तळाला धक्का लागंल." तो आवाज मी फार दिवसांनी ऐकला. बाटली भरली, खिळ्याला टांगली, थेंब सुरू झाले. ती स्टुलावर बसून थेंबांकडे पाहत होती. काही वेळ तिच्या चेहऱ्यावर कसलाही अपराध नव्हता.

मग तिची नजर पांढऱ्या बुंध्यावर गेली.

"अवो," ती म्हणाली, "माज्यामुळंच मेलं न्हवं ते?"

मी उठलो. खिडकीबाहेर रस्त्यावरून कोणी पाहत नाही ना, हे पाहिले. मग तिच्यासमोर उभा राहून दोन्ही हात भिंतीभर पसरले आणि पुतण्याच्या आवाजात सुरुवात केली, "तर काकांचा समुद्र होता हा एवढा!" पुढे जाऊन हौदाच्या काचेला नाक चेपून लावले आणि बुडबुडे मोजू लागलो.

ती हसली. मी काचेला नाक लावूनच पुढचे वाक्य बोललो, खऱ्या गोष्टीतले. "आणि काकूंनी काय केलं, माहीत आहे?"